आदेशाची शेवटची ओळ

नांदेड असो की लातूर, सत्र न्यायालयात ‘दोषी’ हा शब्द कानावर पडला की नातेवाइकांना वाटतं, खटला संपला. तो संपलेला नसतो. न्यायाधीश विचारतात, “शिक्षेबद्दल काही सांगायचं आहे का?” पिंजऱ्यातला माणूस हात जोडतो. म्हातारी आई, लहान लेकरं, कोरडवाहू जमिनीचा तुकडा, एवढंच त्याला सुचतं.

ही विचारणा निव्वळ रीत नव्हे. 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती आणली. 1976 साली सांता सिंग खटल्यात ती झाली नव्हती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द करून प्रकरण शिक्षेपुरतं सत्र न्यायालयाकडे परत पाठवलं.

मग कलमांची बेरीज सुरू होते. समजा, घरात घुसून कुऱ्हाडीने हल्ला केल्याचं शाबीत झालं. जुन्या दंडसंहितेच्या कलम 307खाली 7 वर्षं सक्तमजुरी, 452खाली 5, धमकीबद्दल 506खाली 2. एकूण 14. आदेशाच्या शेवटी ‘सर्व शिक्षा एकाच वेळी भोगायच्या’ असं असेल, तर तुरुंगात जायची 7च. आणि ती ओळ लिहायची राहिली तर? जुन्या प्रक्रिया संहितेचं कलम 31 शिक्षा एकामागून एक धरतं. एका ओळीत माणसाच्या आयुष्याची 7 वर्षं! 1 जुलै 2024पासूनच्या नागरिक सुरक्षा संहितेत, कलम 25नुसार, गुन्ह्याचं गांभीर्य पाहून दोन्हींपैकी काय ते न्यायालयाने सांगायलाच हवं. हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

दंडाचा हिशेब निराळा. दंड न भरल्याची कैद मूळ शिक्षेत मिसळत नाही, ती नंतर वेगळी भोगावी लागते. महाराष्ट्रातल्याच एका मोक्का खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली हे स्पष्ट केलं. ज्याच्याकडे दंडाचे पैसे नाहीत, तो गरिबीपायी जास्त दिवस आत राहतो. कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस मात्र मुदतीच्या शिक्षेतून वजा होतात.

कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत ताबडतोब, विनामूल्य मिळते. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे अपिलाला 60 दिवस असतात, आणि कोठडीतल्या माणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत फुकट वकील मिळतो. घरच्यांनी प्रत मागून घ्यावी आणि शेवटचं पान वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय कोर्टाची पायरी उतरू नये.