गोदीपासून गोदामापर्यंत

उरणजवळचे न्हावा शेवा बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले. देशाच्या कंटेनर व्यापाराचा मोठा वाटा आज तिथूनच जातो-येतो. मोठ्या कंपन्यांकडे आयातीच्या कामासाठी वेगळी माणसे असतात आणि जहाज कंपन्यांशी वर्षभराचे करार असतात. पण त्याच जहाजांतून सांगलीच्या एखाद्या मसाला उद्योगाचे पॅकिंग मशीन येते आणि ठाण्यातल्या बुटीकवाल्या ताईंच्या लेस-बटणांची खोकीही येतात. हा लेख त्यांच्यासाठी.

आयातदार होणे आता अवघड राहिलेले नाही. 500 रुपये भरले की घरबसल्या आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, मिळते, आणि आपला पॅन हाच तिचा क्रमांक असतो. अवघड आहे ते मालाची खरी किंमत आगाऊ रक्कम पाठवण्याआधी काढणे. माझे ठाम मत आहे की छोटा आयातदार सरकारी करामुळे क्वचितच बुडतो. कराचे दर छापलेले असतात, कोणीही वाचू शकतो. त्याला बुडवतात ते न विचारलेले खासगी आकार आणि उशिरा कळलेले नियम.

आधी कराचा हिशेब करू. कस्टम्स धरते ती किंमत म्हणजे माल, जहाजभाडे आणि विमा यांची बेरीज. समजा, मशीनची अशी किंमत 4,00,000 रुपये आहे, बेसिक ड्युटी 7.5 टक्के आणि आयजीएसटी 18 टक्के. बेसिक ड्युटी झाली 30,000. तिच्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे 3,000. आता 4,33,000 वर 18 टक्के आयजीएसटी, म्हणजे 77,940. एकूण 1,10,940 रुपये. जीएसटीची नियमित नोंदणी असलेल्या उद्योगाला यातल्या 77,940 चे क्रेडिट सर्वसाधारणपणे मिळते, त्यामुळे त्याचा खरा खर्च 33,000 उरतो. कंपोझिशन योजनेत असलेल्याला मात्र क्रेडिट नाही, पूर्ण रक्कम त्याच्याच खिशातून जाते. एकच मशीन, एकच बंदर, पण दोघांच्या खर्चात जवळजवळ 78 हजारांचा फरक. आयातीचा विचार करण्याआधी सीएकडे जायचे ते यासाठी.

इथे एका साध्या कागदाचे मोल मोठे आहे. विक्रेत्याने एफओबी भाव, म्हणजे जहाजभाडे आणि विमा सोडून भाव, दिला आणि प्रत्यक्ष भाड्याचा पुरावा आपण देऊ शकलो नाही, तर नियमानुसार एफओबी किमतीच्या 20 टक्के रक्कम भाडे म्हणून धरली जाते. विम्याचा पुरावा नसेल तर 1.125 टक्के. एफओबी 4 लाख असेल तर भाडे धरले जाईल 80,000, मग खरे भाडे 25,000 का असेना. जास्तीच्या 55,000 वर विनाकारण कर भरावा लागतो. फॉरवर्डरकडून, म्हणजे मालाची वाहतूक ठरवणाऱ्या एजंटाकडून, भाड्याचे बिल वेळेवर मागून घेतले की हा प्रश्न उरत नाही.

करापेक्षा जास्त घोळ होतो तो मालाचे वर्गीकरण करताना. भारतात प्रत्येक वस्तूला आठ आकडी एचएस कोड असतो आणि कराचा दर त्यावरच ठरतो. चीनच्या विक्रेत्याने इनव्हॉइसवर लिहिलेला कोड जसाच्या तसा उचलू नये. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले. आणि विक्रेत्याने पहिले सहाच चुकवले असतील, तरी जबाबदारी आपलीच. एखादी वस्तू वारंवार आणायची असेल आणि कोडबद्दल शंका असेल, तर मुंबईतल्या कस्टम्स अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे 10,000 रुपये फी भरून आधीच निर्णय मागता येतो. कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर तो काही वर्षे चालतो. छोटे व्यापारी या सोयीकडे फिरकत नाहीत, याचे मला वाईट वाटते. तिथे खर्च केलेले दहा हजार पुढच्या नोटिशीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.

काही माल तर पैसे भरूनही सुटत नाही. खेळण्यांवरची बेसिक ड्युटी 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झाली आणि 2023 मध्ये 70. पण छोट्या दुकानदाराची वाट खरी अडवली ती 1 जानेवारी 2021 पासून सक्तीच्या झालेल्या बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, चिन्हाने. त्याचा परवाना परदेशातल्या कारखान्याकडेच असावा लागतो, माल बंदरात आल्यावर धावपळ करून तो मिळत नाही. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआय, ब्लूटूथ असलेल्या वस्तूंसाठी दूरसंचार खात्याची मान्यता, किरकोळ विक्रीच्या पाकिटावर आयातदाराचे नाव-पत्ता, एमआरपी आणि उत्पादनाचा महिना हेही पाहावे लागते. माल ज्या लाकडी खोक्यात येतो, त्यावरसुद्धा लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा आयएसपीएम 15 चा शिक्का लागतो. पैसे पाठवण्याआधी ही यादी सीएचएला, म्हणजे कस्टम्स ब्रोकरला, दाखवावी. चांगला सीएचए अशा वेळी 'हा माल आणू नका' असेही स्पष्ट सांगतो.

आता खासगी आकारांकडे वळू. सगळ्यात जास्त फसगत इथे होते.

छोट्या उद्योगाचा माल अख्खा कंटेनर भरण्याइतका नसतो. तो एलसीएलने येतो, म्हणजे अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये. भाडे घनमीटरवर किंवा टनावर, जे जास्त भरेल त्यावर. विक्रेता म्हणतो, "सीआयएफ न्हावा शेवा देतो, भाडे अगदी नाममात्र." म्हणजे भाडे-विम्यासकट भाव; ऐकायला गोड वाटते. पण तिथला फॉरवर्डर विक्रेत्याने निवडलेला असतो, आणि कमी घेतलेले भाडे तो बरेचदा इथल्या एजंटामार्फत वसूल करतो. माल सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात, उतरला की डीओ चार्ज, डी-स्टफिंग, कन्सोल चार्ज, डॉक्युमेंटेशन अशी लांबलचक पावती हातात पडते. ती भरल्याशिवाय डिलिव्हरी ऑर्डर (डीओ) मिळत नाही, आणि ऑर्डर नाही तोवर सीएफएसचे भाडे चढत राहते. या अवस्थेत घासाघीस करायला वावच नसतो.

यावर उपाय आहे. भाव एफओबी घ्यावा, फॉरवर्डर आपण नेमावा आणि मुंबईतल्या आकारांची संपूर्ण यादी बुकिंगआधी ईमेलवर लेखी मागावी. "नॉर्मल चार्जेस लागतील" एवढे उत्तर स्वीकारू नये. सीएचएची फी आणि डीओचा आकार एका खोक्याला असो की पन्नास खोक्यांना, फारसे बदलत नाहीत. म्हणून चार ओळखीच्या उद्योजकांनी एका फॉरवर्डरकडे एकत्र जाऊन दर ठरवावेत. मोठ्या कंपनीला जो भाव मागता येतो, तो एकट्या छोट्याला मिळत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या उद्योजक संघटनांनी हे काम हातात घ्यायला हवे, असे मला मनापासून वाटते.

याच कटकटीला कंटाळून अनेक जण किलोवर दर सांगणाऱ्या एजंटाकडे जातात. ड्युटीसकट दुकानात पोच, कागदाची भानगड नाही. पण बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे दाखल होणारा आयातीचा कागद, आपल्या नावावर नसते, म्हणून आयजीएसटीचे क्रेडिट नाही. माल कोणत्या नावाने आणि किती किमतीने दाखवला, याचा पत्ता नाही. खोटी माहिती देऊन आणलेला माल जप्त होऊ शकतो, आणि आयातदाराच्या व्याख्येत 2017 पासून मालाचा खरा लाभार्थीही येतो. परदेशी पाठवलेल्या पैशांचे काय झाले, हे बँकही बिल ऑफ एंट्रीशी ताडून पाहते. ही वाट स्वस्त नाही, फक्त तिचे बिल उशिरा येते.

नमुने कुरिअरने मागवताना त्यावर 'गिफ्ट' लिहायला सांगण्याची सवयही सोडावी. डिसेंबर 2019 पासून भेट म्हणून करमाफीने माल आणणे बंद आहे. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधे आणि राखी.

राहिला वेळेचा हिशेब. बिल ऑफ एंट्री जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल व्हायला हवे. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज 5,000 आणि पुढे रोज 10,000 रुपये आकार लागतो. ड्युटी थकली तर वर्षाला 15 टक्के व्याज. म्हणून इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगचे मसुदे माल जहाजावर चढण्याआधीच सीएचएकडून तपासून घ्यावेत. चीनहून मुंबईपर्यंत साधारण दोन ते चार आठवडे लागतात, कारखान्यातले दिवस वेगळे. दिवाळीत विकायचा माल त्यामुळे आषाढातच ठरवावा लागतो. गुढीपाडव्यासाठी काही मागवायचे असेल, तर चिनी नववर्षाच्या सुट्टीत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, तिथले कारखाने बंद होण्याआधी माल जहाजावर चढलेला हवा. त्यासाठीची ऑर्डर दिवाळीची आवराआवर झाली की लगेच द्यावी.