शिकलेला योग आपला कसा होतो?

२१ जूनच्या योगदिनाला उत्साहाने चटया पसरल्या जातात आणि दिवाळीपर्यंत त्या माळ्यावर जातात, हे चित्र आपल्या बऱ्याच घरांत दिसते. वर्गात कोणते आसन, किती वेळ, कोणत्या क्रमाने हे शिक्षक ठरवतात. घरी ते आपल्याला ठरवावे लागते, आणि तिथेच गाडी अडते. हे ठरवणेही शिकावे लागते.

वडोदऱ्याच्या मराठी मंडळींना यासाठी जवळचेच उदाहरण आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांचा जन्म १८८३ साली डभोईला झाला. वडोदऱ्यात जुम्मादादांच्या आखाड्यात प्रा. माणिकरावांकडे त्यांनी व्यायामाचे धडे घेतले आणि पुढे नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदासजींकडे योगाचे. गुरूंवर पूर्ण श्रद्धा असूनही उड्डियान, नौली या क्रियांनी शरीरात नेमके काय होते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या मदतीने तपासले. १९२४ साली कैवल्यधाम उभे राहिले ते याच वृत्तीतून. जाणत्याकडून नीट शिकायचे आणि परिणाम स्वतः पारखायचा, हीच वृत्ती घरच्या सरावालाही उपयोगी आहे.

सुरुवात लहान ठेवा

रोज वीस मिनिटे पुरेत. जागा आणि वेळ एकच असावी. सकाळी चहा-नाश्त्यापूर्वीची वेळ उत्तम. संध्याकाळी करणार असाल तर भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. वर्गात शिकलेल्यांपैकी सहा-सात आसने निवडा: उभ्याने ताडासन व त्रिकोणासन, बसून वज्रासन, पालथे भुजंगासन व शलभासन, उताणे पवनमुक्तासन आणि शेवटी शवासन. मग पाच मिनिटे संथ दीर्घ श्वसन. महिनाभर यात बदल करू नका. महिन्यानंतर हवे तर एखादे आसन वाढवा.

श्वासाकडे लक्ष द्या

पतंजलींनी आसनाची खूण सांगितली आहे ती स्थिरता आणि सुख. आसनात श्वास अडकू लागला किंवा चेहरा आक्रसला, तर आपण मर्यादा ओलांडली असे समजावे. ताण जाणवणे ठीक. सांध्यात कळ येणे ठीक नाही. गुडघे दुखत असतील तर वज्रासन सोडून खुर्चीत ताठ बसावे. त्यात कमीपणा नाही.

वहीत दोन ओळी लिहा

आज काय केले, झोप कशी लागली, पाठ कशी आहे, एवढेच लिहावे. महिन्याभराने वही वाचली की कोणते आसन आपल्याला मानवते ते कळते. शेजारच्यांना मानवणारे आसन आपल्याला मानवेलच असे नाही.

खंड पडला तर

लग्नकार्य, प्रवास, आजारपण यांत खंड पडतोच. सराव दीर्घकाळ, अखंड आणि आदराने केला तर तो पक्का होतो, असे योगसूत्रे सांगतात. म्हणून अडचणीच्या दिवशी निदान पाच मिनिटे ताडासन आणि श्वसन करावे; सवय तुटत नाही. आजारपणानंतर मात्र आधी विश्रांती, मग हळूहळू सुरुवात.

एवढे जपावे

उच्च रक्तदाब, काचबिंदू, हर्निया किंवा हृदयविकार असलेल्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी डॉक्टर आणि शिक्षक दोघांनाही विचारून सराव ठरवावा. शीर्षासन, श्वास रोखण्याचे प्रकार आणि शुद्धिक्रिया व्हिडिओ पाहून कोणीच सुरू करू नयेत.

घरी सराव बसला तरी अधूनमधून शिक्षकांसमोर आसने करून दाखवावीत. आपल्या पाठीचा बाक आपल्याला दिसत नाही, त्यांना दिसतो.