विश्लेषण : सरकारी कार्यालयांतून ‘विंडोज’ हटवणे इतके कठीण का?

जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने सुमारे ३० हजार सरकारी संगणकांवर मायक्रोसॉफ्टऐवजी मुक्त सॉफ्टवेअर आणण्याचा निर्णय एप्रिल २०२४ मध्ये घेतला. त्याच देशातील म्युनिक महापालिकेने असाच प्रयोग दहा वर्षे खपून तडीस नेला आणि पुढे स्वतःच गुंडाळला. म्हणूनच म्युनिकची कहाणी आज पुन्हा वाचली जात आहे.

म्युनिकमध्ये काय घडले?

पालिकेच्या संगणकांवर ‘विंडोज एनटी ४’ ही प्रणाली होती आणि कंपनी तिची देखभाल थांबवणार होती. २००३ मध्ये पालिकेने लिनक्सचा विचार सुरू करताच मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वित्झर्लंडमधील सुट्टी अर्धवट सोडून महापौर ख्रिस्तियान ऊडे यांच्या भेटीस आले. किंमतही कमी करण्यात आली. तरीही नगर परिषदेने लिनक्सच्या बाजूने कौल दिला. एकाच कंपनीच्या वेळापत्रकावर आपले कामकाज चालू नये, हा पैशांपेक्षा मोठा मुद्दा होता. ‘लिमक्स’ नावाच्या या प्रकल्पात २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक बदलले गेले. दहा दशलक्ष युरोंहून अधिक बचत झाल्याचा दावा पालिकेने केला. मायक्रोसॉफ्टने एचपीकडून करवून घेतलेल्या अभ्यासात तो खोडून काढण्यात आला.

मग माघार का?

लिनक्स चालवणे हा प्रश्नच नव्हता. प्रत्येक खात्याचा संगणक विभाग वेगळा, प्रत्येकाची पत्रे, दाखले, पावत्या यांचे नमुने वेगळे आणि त्यांत वर्षानुवर्षे कोणीतरी लिहून ठेवलेले मॅक्रो. असे हजारो नमुने एकत्र आणण्यासाठी पालिकेला ‘वोलमक्स’ नावाचे सॉफ्टवेअर स्वतः तयार करावे लागले. काही खात्यांची खास सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालत, त्यामुळे तेवढे संगणक तसेच ठेवावे लागले. बाहेरून येणाऱ्या वर्ड फाइलींची मांडणी लिबरऑफिसमध्ये विस्कटे. प्रिंटर अडला तरी खापर लिनक्सवर फुटे, हे कोणत्याही कार्यालयात बसलेल्याला सांगायला नको.

२०१४ मध्ये डीटर रायटर महापौर झाले. त्यांचा पक्ष ऊडे यांचाच, मत मात्र उलट. मायक्रोसॉफ्टच्या भागीदार कंपन्यांपैकी एक असलेल्या अ‍ॅक्सेंचरच्या २०१६ मधील अहवालानेही मुख्य दोष तंत्रज्ञानाचा नसून पालिकेच्या विस्कळीत संगणक-व्यवस्थेचा असल्याचे नोंदवले होते. तरी नोव्हेंबर २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव झाला. खर्चाचा अंदाज सुमारे ५० दशलक्ष युरो. मायक्रोसॉफ्टचे जर्मन मुख्यालय २०१६ मध्येच म्युनिक शहरात आले होते. या दोन घटनांची सांगड अनेकांनी घातली, पण ती सिद्ध झालेली नाही.

यशस्वी कोण झाले?

फ्रान्सचे निमलष्करी पोलीस दल, जॉन्दार्मरी. त्यांनी क्रम उलटा ठेवला. २००५ पासून आधी ओपनऑफिस, मग फायरफॉक्स आणि थंडरबर्ड, तेही विंडोजवरच. कर्मचाऱ्यांच्या हाताला ही साधने सरावल्यावर २००८ मध्ये खालची प्रणाली बदलली. रोजचे काम त्याच खिडक्यांत चालू राहिल्याने अनेकांच्या दृष्टीने फरक उरला तो चिन्हांचा आणि खेळांचा. जुना संगणक बाद झाला की नवा येताना ‘जेंडबुंटू’ घेऊनच येई. आज ही प्रणाली एक लाखाच्या आसपास संगणकांवर आहे. लष्करी शिस्तीचा यात वाटा आहेच. पालिकेतील लिपिकाला असा हुकूम सोडता येत नाही. श्लेस्विग-होल्स्टाइननेही आधी लिबरऑफिस, मग ईमेल आणि शेवटी लिनक्स हाच क्रम धरला आहे. ४० हजारांहून अधिक मेलबॉक्स हलवून झाले आहेत.

भारताचा संबंध काय?

जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जीच्या सेवा थांबवल्या. वाडिनारची मोठी रिफायनरी चालवणाऱ्या या कंपनीला स्वतःच्या ईमेलसाठी दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. त्यानंतर सेवा पूर्ववत झाल्या. परवान्याचे पैसे भरूनही सेवा बंद पडू शकते, हे यातून दिसले. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ची नियमित देखभाल संपली आणि नवी आवृत्ती न पेलणारे असंख्य संगणक उघडे पडले.

केंद्राचे मुक्त सॉफ्टवेअर धोरण २०१५ पासून आहे. सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली त्याआधीची, संरक्षण मंत्रालयाची ‘माया’ २०२३ मधली. केरळच्या शाळांत मुले लिनक्सवरच संगणक शिकतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांचे ईमेल अलीकडे झोहोकडे गेले. पण झोहो स्वदेशी असले तरी त्याचे सॉफ्टवेअर मुक्त नाही, हा फरक चर्चेत हरवतो.

महाराष्ट्रात गाठ आणखी वेगळी आहे. कार्यालयांतील जुने मराठी दस्तऐवज श्रीलिपी किंवा आयएसएमच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेले असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अशी फाइल उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. शिवाय त्यांत टंकलेखन करण्याची साधने विंडोजसाठी बनलेली. हे दस्तऐवज युनिकोडमध्ये बदलणारी परिवर्तके आहेत, मात्र जोडाक्षरे आणि रफार त्यांतून चुकतात. त्यामुळे सातबारा, नेमणुकीचा आदेश किंवा न्यायालयीन कागद असेल, तर प्रत्येक पान मूळ प्रतीशी ताडून पाहायला माणूसच बसवावा लागतो.