सिकलसेल आणि मोबाइलवरचे हमखास उपाय

सिकलसेल हा आजार विदर्भातील आपल्या समाजाला नवा नाही. आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्यातही त्याचे रुग्ण व वाहक मोठ्या संख्येने आहेत. हा हिमोग्लोबिनमधील आनुवंशिक दोष आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते.

आमच्या नात्यातील एका मुलाला डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया सुरू केले होते. मोबाइलवर एक चित्रफीत आली, "ही कॅन्सरची गोळी आहे, मुलांना देऊ नका." घरच्यांनी गोळी बंद केली आणि कुठल्याशा काढ्याची बाटली मागवली. दीड महिन्याने मुलगा रुग्णालयात होता.

चित्रफितीतले पहिले वाक्य खोटे नव्हते. हे औषध रक्ताच्या काही कर्करोगांत देतातच. पण सिकलसेलमध्ये ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढवते व वेदनांचे झटके कमी करते, हे सांगितले गेले नाही. अधूनमधून रक्त तपासून ते घ्यायचे असते, हेही नाही. निव्वळ खोटे चटकन ओळखू येते, अर्धे खरे मात्र घरात शिरते.

गोळी बंद केल्यामुळेच दुखणे उठले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. या आजारात वेदना येतात आणि काही दिवसांनी आपोआप ओसरतातही. ओसरण्याच्या वेळी जे पोटात असेल, त्याला श्रेय मिळते. मग तो काढा असो की अंगारा. "मला गुण आला" असे सांगणारा माणूस बहुधा प्रामाणिकच असतो, पण त्याच्या प्रामाणिकपणाने औषध सिद्ध होत नाही. शिवाय त्यात वाहकही असतात. वाहकाला सहसा काही त्रास नसतो व औषधही लागत नाही. त्याला 'बरे' करणे किती सोपे!

काही जण तपासणीचा कागद दाखवतात. इथे आमची बँकेतली सवय उपयोगी पडते. धनादेश हाती आला की आम्ही आधी तारीख, सही आणि खाडाखोड पाहतो, रक्कम नंतर. तसेच इथे पाहावे. तपासणी कोणती? सोल्युबिलिटी चाचणी दोष आहे एवढेच सांगते. रुग्ण की वाहक, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने कळते. तपासणी कधीची? नुकतेच रक्त चढवले असेल तर दुसऱ्याच्या रक्तामुळे दोषाचे प्रमाण कमी दिसते. आणि सांगणारा स्वतःच बाटली विकत असेल, तर पुढे पाहायलाच नको.

"अमेरिकेत औषध सापडले" हा संदेशही फिरतो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तिथे सिकलसेलवरील जनुकोपचाराला मान्यता मिळाली, हे सत्य आहे. पण त्यासाठी रुग्णाच्याच मूळपेशी काढून, त्यांत बदल करून, तीव्र केमोथेरपीनंतर त्या परत सोडतात. खर्च कोट्यवधी रुपयांचा. कुरिअरने येणाऱ्या पुडीचा त्याच्याशी काय संबंध?

तथागतांनी केसपुत्त येथे कालामांना केलेला उपदेश आपण सभांतून नेहमी ऐकतो. ऐकीव आहे, ग्रंथात आहे, गुरूने सांगितले आहे म्हणून मानू नका, इथवर सर्वांना पाठ असते. त्यापुढे जाणत्यांचे मतही विचारात घ्यायला सांगितले आहे, ते मात्र राहून जाते. मग कोणी त्या उपदेशाचा आधार घेऊन डॉक्टरांनाच उडवून लावतो!

मुलाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू झाली आहे. त्याची आई आता मोबाइलवर आलेले असे काही एका वहीत उतरवून ठेवते आणि तपासणीच्या दिवशी विचारते. मागच्या खेपेला तिचे तीन प्रश्न होते. भरपूर पाणी पाजावे, हे खरे निघाले. ताप आला तर घरीच दोन दिवस वाट पाहावी, हे धोक्याचे; सिकलसेलच्या मुलाला ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे. तिसरा प्रश्न काढ्याचा होता. डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन पाहिली. तिच्यावर आत काय आहे ते लिहिलेलेच नव्हते.