एका प्लाय शीटमधून चाकांच्या दोन ट्रॉल्या : एक कामाला, एक विकायला



घरातून व्यवसाय करणाऱ्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न भांडवलाचा असतो असं आपण म्हणतो. पण मसाले, इमिटेशन ज्वेलरी, मेणबत्त्या, शिवणकाम, काहीही करणाऱ्यांना विचारा, रोजची कटकट वेगळीच निघते. माल ठेवायचा कुठे? सकाळी पलंगावर पसारा, दुपारी जेवायला जागा हवी म्हणून तो उचला, संध्याकाळी परत मांडा. या उचल-ठेवीत ऑर्डर चुकतात, पाकिटं फाटतात आणि घरचेही वैतागतात. घरच्यांचा वैताग हा छोट्या धंद्याचा खरा धोका आहे बरं का. अनेक चांगले धंदे गिऱ्हाईक नाही म्हणून नाही, घरात जागा नाही म्हणून थांबतात.

यावर एक साधा उपाय म्हणजे चाकांची लाकडी ट्रॉली. काम असेल तेव्हा ओढून घ्या, संपलं की भिंतीला लावा. आज ती घरी कशी बनवायची ते बघू. आणि त्यातूनच उत्पादनाची किंमत कशी ठरते, तेही समजून घेऊ. कारण नीट माप काढलं तर एका शीटमधून दोन ट्रॉल्या निघतात. पहिली तुमच्या कामाला, आणि दुसरी? ती तुमचं पहिलं विकाऊ उत्पादन होऊ शकते.

आधी मालाचं माप, मग ट्रॉलीचं

बहुतेक जण फोटो बघून ट्रॉली ठरवतात. उलट करा. तीन गोष्टी टेपने मोजा आणि वहीत लिहा.

१. तुमचा सगळ्यात मोठा डबा किंवा कुरिअरचा बॉक्स. त्याची उंची म्हणजे खालच्या कप्प्याची उंची.
२. ज्या दारातून, ज्या बोळातून ट्रॉली न्यायची ती सगळ्यात अरुंद जागा.
३. तुम्ही उभं राहून काम करता ती उंची. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभे राहा. तिथे पाठ दुखत नसेल तर तीच उंची धरा.

मी इथे जे माप देतोय ते पॅकिंगच्या कामाचं आहे : रुंदी ६०० मि.मी., खोली ३८० मि.मी. आणि चाकांसकट उंची साधारण ८३५ मि.मी., म्हणजे ३३ इंच. सुतारकामात इंच-फूट चालतात, पण कटिंगचा कागद मि.मी. मध्येच लिहा. 'सव्वाबावीस इंच' ऐकताना चूक होते, '५६४' मध्ये होत नाही.

कुठला प्लाय घ्यायचा?

१८ मि.मी. जाडीचं ८ फूट बाय ४ फूट एक शीट आणि पाठीसाठी ६ मि.मी.चं अर्धं शीट. कोरड्या खोलीसाठी एम.आर. ग्रेड चालतो. एम.आर. म्हणजे दमट हवा सहन करणारा, वॉटरप्रूफ नव्हे. दुकानदार काहीही म्हणो, हा फरक लक्षात ठेवा. स्वयंपाकघरात ठेवायची असेल किंवा तुम्ही कोकणात राहत असाल तर बी.डब्ल्यू.आर. घ्या. मरीन प्लाय, ज्याला बाजारात '७१०' म्हणतात, तो आणखी टिकतो, पण या कामाला तेवढा खर्च गरजेचा नाही. शीटवर आयएसआयचा शिक्का बघा आणि कडेला पोकळी दिसते का तेही बघा. पोकळ जागी स्क्रू धरत नाही.

कटिंग : पैसे इथेच वाचतात

शीट २४४० बाय १२२० मि.मी. असतं. त्याच्या लांबीत ३८० मि.मी. रुंदीच्या तीन पट्ट्या काढा. करवतीचं पातं प्रत्येक कापाला साधारण ३ मि.मी. खातं, ते धरूनही ७० मि.मी.ची एक पट्टी उरते. एका ट्रॉलीला बाजूच्या दोन फळ्या (७०० मि.मी.), वर-खालच्या दोन (६०० मि.मी.) आणि मधली एक (५६४ मि.मी.) लागते. मधली ५६४ का? ६०० मधून दोन्ही बाजूंची १८-१८ मि.मी. जाडी वजा केली म्हणून.

दोन ट्रॉल्यांसाठी वाटणी अशी :

पहिली पट्टी : ७०० + ७०० + ७००
दुसरी पट्टी : ७०० + ६०० + ६००
तिसरी पट्टी : ६०० + ६०० + ५६४ + ५६४

उरलेल्या तुकड्यांतून मधल्या फळीखालचे आधार निघतात आणि ७० मि.मी.च्या पट्टीतून कप्प्यांपुढचा छोटा कठडा. पाठीसाठी ६ मि.मी. प्लायचे ६०० बाय ७३६ चे दोन तुकडे, ते अर्ध्या शीटमध्ये आरामात बसतात. कटिंग प्लायच्या दुकानातच मोठ्या मशीनवर करून घ्या. घरी हातकरवतीने ८ फूट सरळ कापणं नवख्याचं काम नाही.

चाकं : वजन चारने नाही, तीनने भागा

रिकामी ट्रॉली साधारण १५-१६ किलोची होते. त्यावर ६० किलो माल धरा, एकूण झाले ७६. चार चाकं आहेत म्हणून चारने भागू नका. आपल्याकडची फरशी कुठेही शंभर टक्के सपाट नसते. एक चाक थोडं अधांतरी राहिलं की भार तिघांवर येतो. ७६ भागिले ३ म्हणजे प्रत्येकी २५ किलोच्या वर. उंबऱ्यावर आपटतं तेव्हा आणखी ताण येतो, म्हणून ४० किलो क्षमतेची, ३ इंची चाकं घ्या. २ इंची चाक स्वस्त असतं, पण उंबऱ्याला अडतं.

चाक रबराचं किंवा पी.यू.चं घ्या. कडक नायलॉनचं चाक फरशीवर आवाज करतं, आणि इमारतीत खाली कोणी राहत असेल तर रात्रीचं पॅकिंग बंदच. छोट्या खोलीसाठी चारही चाकं फिरणारी, त्यातल्या दोघांना ब्रेक.

जोडणी : क्रम बदलू नका

१. सगळ्यात आधी खालच्या फळीवर चाकांची भोकं पाडा. दोन्ही कडांना बाजूच्या फळ्या बसणार आहेत, ती १८ मि.मी. जागा आणि वर थोडी जास्त सोडा, नाहीतर नट आवळायला पाना बसणार नाही. चाकं स्क्रूने नाही, वायसर लावून नट-बोल्टने बसवायची. ओढाताणीत स्क्रू सैल होतात.

२. खालच्या फळीवर बाजूच्या फळ्या उभ्या करा. सांध्यावर फेविकॉल, मग खालून दीड इंची स्क्रू. प्रत्येक स्क्रूआधी बारीक भोक पाडाच. प्लायच्या कडेत थेट स्क्रू घातला तर थर फाटतात. टोकापासून स्क्रू ४० मि.मी. आत ठेवा.

३. मधल्या फळीला दोन्ही बाजूंना खालून आधारपट्टी लावा. खालचा कप्पा ३८० मि.मी. ठेवला तर वर ३०० मि.मी. मिळतो. तुमच्या डब्याप्रमाणे हे बदला.

४. वरची फळी बसवा. स्क्रूची डोकी थोडी आत घ्या म्हणजे वर पुट्टी भरता येते.

५. आता टेप घ्या आणि कोनाकोनी मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले तर ट्रॉली काटकोनात आहे. कमी-जास्त असतील तर लांब कर्णाच्या बाजूने हळूच दाबा. सारखे झाल्यावरच मागचा ६ मि.मी. प्लाय दर १५० मि.मी.वर पाऊण इंची स्क्रूने लावा. ही पाठ शोभेची नाही. पाठ नसलेली ट्रॉली ढकलली की डुलते आणि काही महिन्यांत सांधे सुटतात.

६. पॉलिश पेपर मारा, कडांना विशेष. मग प्रायमर आणि रंग, किंवा सीलर आणि पॉलिश. खालची बाजू विसरू नका, फरशी पुसताना पाणी तिथेच लागतं. शेवटी चाकं.

मास्क आणि चष्मा लावूनच घासकाम करा. आणि घरात लहान मुलं असतील तर नियम एकच : जड माल खाली, हलका वर, ब्रेक कायम लावलेला. मूल कठड्याला धरून लोंबकळलं तर वर जड असलेली ट्रॉली उलटू शकते.

आता हिशोब

खालचे आकडे समजावण्यासाठी आहेत, तुमच्या गावचे दर टाका. दोन ट्रॉल्यांसाठी समजा :

१८ मि.मी. शीट ३,२०० रु.
६ मि.मी. अर्धं शीट ७०० रु.
८ चाकं ७२० रु.
स्क्रू, बोल्ट, फेविकॉल, पॉलिश पेपर ३५० रु.
रंग ४५० रु.
कटिंग ३०० रु.
टेम्पो ३०० रु.

एकूण ६,०२० रु., म्हणजे एका ट्रॉलीला ३,०१० रु. इथे बहुतेक जण थांबतात आणि "साडेतीन हजाराला विकली, पाचशे सुटले" म्हणतात. थांबा! दोन्ही मिळून १२ तास गेले असतील तर तासाला १०० रु. धरून प्रत्येकी ६०० रु. मजुरी झाली. खरी किंमत ३,६१० रु. म्हणजे साडेतीन हजाराला विकलेली ट्रॉली तोट्यातच गेली, फक्त तो तोटा तुमच्या घामातून भरला गेला.

यावर २५ टक्के नफा चढवला तर भाव साधारण ४,५१० रु. येतो. पण लक्षात घ्या, विक्रीच्या रकमेवर तो नफा २० टक्केच आहे. विक्रीवर २५ टक्के हवा असेल तर ३,६१० ला ०.७५ ने भागा. उत्तर ४,८१३ रु. या दोन पद्धतींची गल्लत झाली की सूट देताना हात पोळतात.

'फक्त दीड इंच वाढवा' ची किंमत

आता गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, खोली जरा वाढवा, ३८० ची ४२० करा." चाळीस मि.मी.च तर आहेत, काय फरक पडतो? करून बघा. ४२० च्या तीन पट्ट्यांना १,२६० मि.मी. लागतात आणि शीट १,२२० आहे. म्हणजे दोनच पट्ट्या निघतात आणि शीटमधून एकच ट्रॉली. प्लायचा खर्च ट्रॉलीमागे १,६०० वरून ३,२०० रु. बाकी खर्च तेवढाच धरला तरी लागत ५,२१० रु. तुम्ही जुन्याच ४,५१० ला 'हो' म्हणालात, तर सातशे रुपये खिशातून गेले.

म्हणून नियम करा : शीट बघितल्याशिवाय भाव सांगायचा नाही. खोली ४०० मि.मी.पर्यंत वाढवता येते, तीन पट्ट्या बसतात. त्यापुढे वेगळा दर, आणि तो न लाजता सांगायचा.

दहा बनवू नका, दुसरी विका

प्लास्टिकच्या तयार ट्रॉलीशी भावात स्पर्धा करू नका, हराल. तुमचं गिऱ्हाईक वेगळं आहे : ब्युटी पार्लरवाल्या ताई, शिवणकाम करणाऱ्या काकू, केक बनवणारी मैत्रीण, ज्यांना स्वतःच्या मापाची वस्तू हवी. पहिली ट्रॉली महिनाभर स्वतः वापरा. कुठे अडते, कुठला कप्पा रिकामा राहतो ते लिहा. मग दुसरी पूर्ण भावाला विका, ओळखीत फुकट देऊ नका. फुकट मिळालेल्या वस्तूची तक्रार कोणी करत नाही, आणि तक्रारीशिवाय आपलं उत्पादन सुधारत नाही.

पुढच्या ऑर्डरला अर्धी रक्कम आगाऊ घ्या, म्हणजे प्लायचा बहुतेक पैसा गिऱ्हाईकाचा. ऑर्डर वाढल्या तर जवळच्या सुताराशी नगाप्रमाणे मजुरी ठरवा. तुमचं डिझाइन आणि विक्री, त्यांचा हात. त्या दिवशी कळेल की हिशोबात ६०० रुपये मजुरी का धरली होती. ती धरली नसती, तर आता सुताराला द्यायला पैसेच उरले नसते.

तर या रविवारी प्लाय आणायला जाऊ नका. आधी टेप घ्या, तीन मापं वहीत लिहा आणि कटिंगचा कागद तयार करा. खर्च शून्य, आणि अर्धं काम झालेलं असेल.