मुठीतले कोंदण : घडीच्या चाकूंच्या संग्रहाविषयी

घडीचा चाकू मिटला की त्याचे पाते मुठीच्या पोटात दडते, आणि संग्राहकाच्या मालकीचा चाकू बहुतेक काळ मिटलेलाच असतो. त्यामुळे तलवारीच्या किंवा कट्यारीच्या बाबतीत पात्याच्या पाण्याला जो मान आपोआप मिळतो, तो येथे मुठीकडे जावा हे स्वाभाविकच आहे. शिंपला, हस्तिदंत, आबनूस, सोने आणि रत्ने ही द्रव्ये एवढ्याशा जागेत बसविण्याची हौस म्हणूनच जुनी आहे. परंतु या हौसेचा जो विलक्षण उत्कर्ष गेल्या पन्नास वर्षांत, मुख्यत: अमेरिकेत, झाला, त्याचा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते. येथे जडाव म्हणजे कारागिराच्या मोजमापाची उघड परीक्षा होय, आणि ज्याला सांधा पाहता येत नाही त्याने जडावाची किंमत ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कुळाची वंशावळ पुष्कळ मागे जाते. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे सापडलेला, हाडाची मूठ असलेला घडीचा चाकू इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमाराचा मानतात. पुढे अठराव्या शतकात फ्रान्समधील सरदार-दरकदारांच्या खिशात फळे कापण्याचे जे नाजूक चाकू असत, त्यांच्या शिंपल्याच्या अथवा कासवाच्या पाठीच्या मुठीत सोन्याचे बारीक खिळे बसवून वेलबुट्टी काढलेली असे. आणि पोलादी पात्याच्या जोडीला चांदीचे किंवा सोन्याचे दुसरे पातेही असे, कारण फळांतील आम्लाने पोलाद काळे पडे आणि इंग्लंडमधील शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीचे गंजरोधक पोलाद जन्माला यायला १९१३ साल उजाडायचे होते. फ्रान्समध्येच, आव्हेरों प्रांतातील लागियोल या खेड्याने एकोणिसाव्या शतकात स्वत:चा चाकू घडविला, त्याच्या मुठीत लहान खिळ्यांनी रेखलेला क्रूस असतो. सोने नाही, रत्न नाही, केवळ पाच-सहा ठिपके, तरी ती मूठ दुरून ओळखू येते.

शेफील्डचा मार्ग वेगळा. जोसेफ रॉजर्स या तेथील नामांकित पेढीने लंडनच्या १८५१ सालच्या महाप्रदर्शनासाठी केलेल्या चाकूला ७५ पाती व अवजारे होती, आणि त्याच्या मुठीवर कोरीव शिंपला चढविलेला होता. तो पाहणाऱ्याने थक्क व्हावे यासाठीच केलेला होता. हातात धरून काही कापावे अशी त्याची घडण नव्हती. शेफील्डचे खरे वैभव मला त्या अजस्र वस्तूपेक्षा तेथील एकट्याने, लहानशा कोठडीत काम करणाऱ्या कारागिरांत दिसते. २०२१ मध्ये वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी निवर्तलेले स्टॅन शॉ हे त्या परंपरेतले अखेरच्या काही मंडळींपैकी एक. पात्याची पाठ, पाठीमागची कमान आणि शिंपल्याची मूठ या तिन्हींच्या कडा बोटाला एकच लागाव्यात, इतकी समतल त्यांची जुळणी असे. चौदाव्या-पंधराव्या वर्षी उमेदवारीला बसून आयुष्यभर तेच काम केल्याखेरीज हा हात येत नाही.

तथापि शेफील्डच्या पद्धतीत शिंपल्याची किंवा शिंगाची पट्टी मुठीच्या बाजूवर खिळ्यांनी बसविलेली असे. तिच्या कडा उघड्या राहत, आणि कडेला थोडे उणे-अधिक झाले तर ते घासून सरळ करता येई. अमेरिकेतील रॉन लेक या कारागिराने १९७० च्या दशकात जी रीत रूढ केली तिने ही मुभाच काढून घेतली. त्याने मुठीची बाजू अखंड धातूची ठेवली, तिच्या मध्यभागी कडेला न भिडणारी खोलगट जागा कोरली आणि त्या जागेत शिंगाचा किंवा हस्तिदंताचा तुकडा असा बसविला की त्याच्या चारी अंगांना धातूची अखंड किनार राहावी. आपल्या सोनारांच्या भाषेत सांगायचे तर त्याने मुठीला कोंदण केले. हिऱ्याच्या कोंदणात सोन्याची कड आत वळवून सांध्यातले उणे झाकता येते. येथे झाकायला काहीच नाही. तुकडा केसभर लहान झाला तर काळी रेघ कायमची दिसते. केसभर मोठा झाला तर तो बसतच नाही, आणि बळे बसविला तर तडकतो. त्यातच लेकने पाते अडकविणारा खटका मुठीच्या शेपटाकडे नेला, तेव्हा त्या मुठीत एकीकडे यंत्र आणि दुसरीकडे अलंकार अशी विभागणी उरली नाही. नखाचे टोक धातूवरून शिंगावर आणि शिंगावरून पुन्हा धातूवर न्यावे, आणि ओलांडलेली सीमा नखाला कळू नये, ही या कामाची कसोटी.

ही कसोटी एकेकट्या कारागिराच्या बाकावरून लहान कारखान्यात आणण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागेल, त्यांत ख्रिस रीव्ह यांचे नाव अग्रभागी आहे. दक्षिण आफ्रिकेत साचे व अवजारे बनविण्याच्या धंद्यात तयार झालेला हा गृहस्थ १९८९ मध्ये अमेरिकेतील आयडाहो राज्यात, बॉइझी येथे येऊन स्थायिक झाला. त्याच्या 'सेबेन्झा' या चाकूचा आराखडा दिसायला अगदी साधा : टायटॅनियमच्या दोन जाड फळ्या, मध्ये पाते. त्यापूर्वी मायकेल वॉकर या कारागिराने मुठीच्या आत एक पातळ धातूची पट्टी बसवून, पाते उघडताच ती त्याच्या मुळाशी सरकावी आणि पाते मिटू नये, अशी योजना केली होती. रीव्हने ती वेगळी पट्टी काढून टाकली आणि मुठीच्या एका फळीलाच लांब चीर पाडून तिचा एक भाग खटका म्हणून वाकविला. परिणामी चाकू उघडून मूठ आवळली की हाताच्या पकडीनेच खटका अधिक घट्ट होतो. ही योजना आज जगभर शेकडो कारखाने उचलतात.

आता अशा फळीत जडाव करायचा म्हणजे काय, याचा वाचकाने क्षणभर विचार करावा. जी फळी मूठ आहे तीच कमान आहे. तिच्यात कोंदण फार खोल घेतले तर तिचा ताठरपणा जातो, चिरेला भिडविले तर खटका वाकताना जडाव उचकटतो. म्हणून या चाकूंवरील मॅकॅसर आबनुसाचा, सर्पकाष्ठाचा किंवा मॅमथच्या दाताचा जडाव आकाराने बेताचा, कडांपासून अंतर राखून बसविलेला असतो. पुष्कळ नवशिक्यांना तो लहान वाटतो आणि एवढ्या पैशांत एवढेच का, अशी तक्रार ते करतात. परंतु तो लहान आहे यातच त्याचा विवेक आहे. टायटॅनियमची करडी, निस्तेज पार्श्वभूमी आणि तिच्यात लाकडाचा एक उबदार डाग, एवढ्याने जे साधते ते संपूर्ण मूठ लाकडाची करून साधत नाही. ओरेगॉनमधील 'विल्यम हेन्री' ही १९९७ साली स्थापन झालेली पेढी याच्या उलट दिशेने गेली : दमास्क पोलादाचे पाते, थरांच्या धातूची कोपरी (मुठीच्या टोकावरचा धातूचा भाग), मॅमथचा दात, खटक्याच्या बोंडावर रत्न, असे सारे एकाच चाकूवर. त्यांच्या कामाची सफाई निर्विवाद आहे. पण एवढी द्रव्ये एकत्र आली की नजर कोठेच ठरत नाही, असे मला वाटते. इटलीतील गार्दोने या बंदुकांच्या गावातील खोदकाम करणारे कारागीर सुईसारख्या अवजाराने नुसते ठिपके देऊन धातूवर हरिणाची लव उभी करतात. तशी कोपरी असेल तर शेजारचा जडाव अगदी मूक हवा.

द्रव्यांचे स्वभाव जाणल्याखेरीज संग्रह करणे म्हणजे नुकसानीला निमंत्रण. शिंपला हा मूलत: चुन्याचा क्षार; लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने त्याचे तेज कायमचे जाते आणि उष्णतेने तो फुटतो. लाकूड तर पावसाळ्यात फुगते आणि वातानुकूलित खोलीत आक्रसते, पण त्याच्याभोवतीचे टायटॅनियम जागचे हलत नाही. म्हणून चांगले कारागीर निर्वात भांड्यात लाकडाच्या रंध्रांतून राळ जिरवून मगच ते कोंदणात बसवितात. सैबेरिया आणि अलास्का येथील गोठलेल्या जमिनीतून निघणाऱ्या मॅमथच्या सुळ्यावर जी निळी-हिरवी झाक दिसते, ती हजारो वर्षे जमिनीतील लोह आणि सुळ्यातील स्फुरद यांच्या संयोगातून उपजलेल्या खनिजाची असते. ती झाक कोणत्याही दोन तुकड्यांत सारखी येत नाही, आणि एकाच नमुन्याच्या दोन चाकूंच्या किमतींत मोठी तफावत पडते ती यामुळेच.

येथे कायद्याची बाब येते, आणि ती टाळून चालणार नाही. हत्तीच्या दाताचा आंतरराष्ट्रीय व्यापार वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातील १९८९ च्या ठरावान्वये १९९० पासून बंद झाला. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी देशी व आयात अशा दोन्ही हस्तिदंतांच्या व्यापारास मनाई केली आहे. मॅमथ नामशेष प्राणी असल्याने त्याचा सुळा त्या आंतरराष्ट्रीय बंदीतून सुटला. त्याच कराराच्या २०१९ च्या परिषदेत त्यालाही नियमांत आणण्याचा इस्रायलचा ठराव संमत झाला नाही. परंतु न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी मॅमथच्या सुळ्याच्या विक्रीवरही बंदी घातली, कारण त्याच्या नावाखाली हत्तीचा दात खपविला जातो. दोहोंतील फरक आडव्या छेदावर दिसतो : बाहेरच्या भागात एकमेकींना छेदणाऱ्या रेषांचा कोन मॅमथच्या सुळ्यात सामान्यत: ९० अंशांहून कमी आणि हत्तीच्या दातात ११५ अंशांहून अधिक भरतो. पण मुठीत जडविलेल्या लहानशा पट्टीवर तो छेद मिळेलच असे नाही. तेव्हा विक्रेत्याकडून लेखी दाखला घेणे हाच उपाय.

आपला या साऱ्याशी एक जुना आणि फारसा कोणाला माहीत नसलेला संबंध आहे. शेफील्ड, जर्मनीतील झोलिंगेन आणि अमेरिका येथील खिशातल्या चाकूंवर दीडशेहून अधिक वर्षे जे शिंग सर्वांत मानाचे मानले गेले, ते हिंदुस्थानातील सांबराचे. सांबर दरवर्षी शिंगे टाकते. जंगलात गोळा केलेली ती शिंगे बोटींतून रवाना होत. हे शिंग भरीव, खडबडीत आणि भुऱ्या-पांढऱ्या सालीचे असल्याने ओल्या हातातूनही निसटत नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस भारताने त्याची निर्यात बंद केली, आणि ते योग्यच झाले. गळलेले शिंग आणि मारलेल्या जनावराचे शिंग यांत बंदरावरचा अधिकारी भेद करणार कसा? तेव्हापासून परदेशी कारागीर जुन्या साठ्यावर, इतर हरणांच्या शिंगांवर किंवा तशी नक्षी कोरलेल्या हाडांवर भागवितात.

चाकू हाताळण्याची एक रीत आहे, आणि संग्राहकांच्या मेळाव्यात ती न पाळणारा मनुष्य लगेच ओळखला जातो. दुसऱ्याचा चाकू मिटलेलाच घ्यावा, मिटलेलाच परत करावा, आणि उघडण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. पात्याला बोट लावू नये. घामातील मीठ दमास्क पोलादावर एका रात्रीत डाग पाडते. मनगटाचा झटका देऊन पाते उघडणे हा तर या छंदातला मोठा अपराध. उलट पाते सावकाश, अंगठ्याच्या जोराने उघडावे, म्हणजे आसाभोवतीच्या वॉशरवरून ते कसे फिरते हे कळते; जेथे एकसारखा, जलाशयासारखा शांत विरोध जाणवतो तेथे घडण उत्तम समजावी. जुन्या कमानीच्या चाकूत पाते मिटताना ते मोकळे सोडू नये, नाहीतर धार आतल्या कमानीवर आपटून बोथटते. आणि खटका दाबून पाते मिटविताना अंगठा त्याच्या वाटेत राहणार नाही एवढी दक्षता घ्यावी. मूठ कितीही सुंदर असली तरी ही वस्तू धारदार आहे.

जतनाच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. चामड्याच्या म्यानात चाकू ठेवून देऊ नये, कारण कातडे कमाविताना वापरलेली द्रव्ये आणि कातड्यातील ओल पात्याला गंज आणतात. दुसरी याहून गंभीर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे कित्येक दशके कासवपाठीची आणि हस्तिदंताची नक्कल म्हणून सेल्युलॉइडच्या मुठी निघाल्या. हे द्रव्य जुने झाले की सडू लागते, त्यातून आम्लधर्मी वायू सुटतो, आणि तो वायू शेजारी ठेवलेल्या निर्दोष चाकूंची पातीही खाऊन टाकतो. सेल्युलॉइडची मूठ धुरकट होऊ लागलेली दिसताच तो चाकू इतरांपासून दूर, मोकळ्या हवेत ठेवावा.

चाकू वापरावा की कपाटात ठेवावा, हा वाद या मंडळींत नित्याचा आहे. माझे मत वापरण्याच्या बाजूचे आहे, कारण कोंदणाची खरी परीक्षा हाताच्या उबेत, घामात आणि हवेच्या फेरफारांत होते. पेटीतून कधी बाहेर न काढलेल्या चाकूचा सांधा पक्का आहे की नाही हे त्याच्या मालकालाही ठाऊक नसते. पत्र फोडावे, फळ चिरावे, दोरी कापावी; टायटॅनियमवर चार ओरखडे उठले तरी त्याने काही बिघडत नाही. आपल्याकडे पितळी अडकित्त्यांवर मोर, पोपट आणि घोडेस्वार घडविणाऱ्या कारागिरांनीही ते सुपारी कातरण्यासाठीच घडविले होते, आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील अडकित्ते ज्यांनी बारकाईने पाहिले असतील त्यांना या म्हणण्याचा प्रत्यय आला असेल.

या छंदाकडे वळू इच्छिणाऱ्यांना शेवटी एवढीच विनंती. आपल्या देशात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्रविषयक नियमांच्या कक्षेत येते, आणि स्थानिक पोलिसांचे मनाई हुकूम त्याहून कडक असू शकतात, तेव्हा खरेदीपूर्वी त्यांची खातरजमा करावी. अमेरिकेतून येणाऱ्या नातलगाकडून चाकू मागविल्यास तो विमानात हातातल्या पिशवीत न ठेवता सामानाच्या पेटीत ठेवण्यास सांगावे. आणि जडाव निवडताना लाकूड, शिंपला किंवा धातू निवडावा. हत्तीचा असो वा मॅमथचा, सुळा मागवू नये.