समुद्राकडे पाहणारा वैमानिक

इंग्लंडमधील केंट परगण्यात, समुद्रालगतच्या उंच कड्यावर केपल-ल-फर्न हे छोटेसे गाव आहे. १९४०मध्ये याच आकाशात 'ब्रिटनची लढाई' झाली. जवळपास तीन हजार हवाई योद्ध्यांपैकी ५४४ जण त्यात कामी आले.

वीस वर्षांचे जेफ्री पेज पेटत्या विमानातून उडी घेऊन समुद्रात पडले. चेहरा आणि हात होरपळले, पण जीव वाचला. पुढे आपल्या सोबत्यांचे स्मारक नाही, ही खंत त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांच्याच ध्यासातून ९ जुलै १९९३ रोजी इथे स्मारक खुले झाले. नंतर उभारलेल्या भिंतीवर सर्वांची नावे कोरली आहेत.

मधोमध बसलेल्या दगडी वैमानिकाला मात्र नाव नाही. तो समुद्राकडे पाहतो आहे, जणू न परतलेल्या सोबत्यांची वाट पाहत!